वाऱ्याचा मासा

आमच्या मचव्याच्या डोलकाठीवर एक लाकडी मासा होता. हातभर लांब, अंगाने चपटा, शेपूट पंख्यासारखे रुंद. डोलकाठीच्या टोकाला बारीक काठी बांधलेली असे, त्या काठीवर एक खिळा उभा ठोकलेला, आणि माशाच्या पोटाला खालून भोक पाडून तो त्या खिळ्यावर बसवलेला. वारा शेपटीला ढकलायचा, त्यामुळे माशाचे तोंड नेहमी वारा येईल त्या बाजूला राहायचे. शेपटीला लाल कापडाची एक पट्टी शिवलेली असे. ती दरवर्षी नवी शिवायचे काम लग्नानंतर माझ्याकडे आले.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो मासा तरुणपणी सावंतवाडीच्या एका चिताऱ्याकडून करवून आणला होता. इतरांच्या होड्यांवर नुसती चिंधी फडफडायची. आमच्या मचव्यावर मासा होता, आणि किनाऱ्यावर उभे राहून लांबूनच आपला मचवा ओळखता येतो याचा सासूबाईंना फार अभिमान होता.

नारळी पुनवेला मचवा पाण्यात जायच्या आधी त्याची पूजा व्हायची. नाळेला, म्हणजे मचव्याच्या पुढच्या टोकाला, नारळ, सुकाणूला हळदकुंकू आणि माशाला शेंदूर. तेलात कालवलेला शेंदूर सासूबाई आपल्या बोटांनी माशाच्या तोंडाला लावायच्या. देवाला शेंदूर लावतात तो तोंडालाच लावतात, शेपटीला कोण लावणार? पावसाळ्यात मचवा वाळूवर ओढला, डोलकाठी उतरवली, की मासा घरी यायचा आणि देवाच्या फळीवर बसायचा. श्रावणात पुन्हा शेंदूर, पुन्हा समुद्र. आधीचा शेंदूर काढायची पद्धत नव्हती. मी घरात आले तेव्हा माशाचे डोळे कधीच बुजले होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि आमच्या बाजूला सगळा व्यवहार शिडावरच चालायचा. मामंजी मचव्याचे तांडेल होते. सुकाणू त्यांच्या हातात, शिडाची दोरी माझ्या धाकट्या दिराच्या हातात, आणि जाळ्याचे बघायचे ते आमचे हे. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. माणूस आला की त्यांना कळायचे, पण कोण ते आवाजावरून ओळखायचे. तरी त्यांच्या सुकाणूबद्दल कोणाला शंका नव्हती, कारण ते वारा डोळ्यांनी बघतच नसत. डावा कान जरासा पुढे करत आणि सांगत, वारो फिरलो. दीर वर माशाकडे बघायचा आणि म्हणायचा, होय बाबा, फिरलो. वर्षानुवर्षे कान आणि मासा यांचे भांडण झाले नव्हते.

मग एका वर्षी दिराला मुदतीचा ताप आला. दिवसेंदिवस उतरेना. सासूबाईंनी नवस बोलला की हा उठला तर वर्षभर दर पुनवेला माशाला शेंदूर लावीन. दीर उठला. आता सासूबाई काही डोलकाठीवर चढू शकत नव्हत्या, म्हणून त्या वाटीत शेंदूर कालवून द्यायच्या आणि दीर स्वतःच वर चढून लावायचा. खाली उभ्या राहून त्या ओरडायच्या, "भरान लाय रे! कंजूशी करू नको, तुझ्याच जिवाचो आसा!"

तो भरून लावायचा.

त्याच हंगामात भांडण सुरू झाले. संध्याकाळी खारा, म्हणजे समुद्राकडून येणारा वारा पडतो आणि मतलई, जमिनीकडून येणारा वारा, अजून सुटलेला नसतो. त्या वेळेला समुद्रावर वाऱ्याचे काही खरे नसते. तेव्हाच नेमके घरी परतायचे असते. मामंजी म्हणायचे वारा समुद्राकडून आहे, दीर वर बघून म्हणायचा मासा जमिनीकडे बघतो आहे. दुसऱ्या दिवशी उलट. मामंजी आपला हट्ट सोडून माशाचे ऐकायचे, आणि मग शीड लटकायचे. दुसऱ्यांच्या होड्या किनाऱ्याला लागून त्यांचे बांगडे पाट्यांत भरून जायचे तरी आमचा मचवा लांबच दिसायचा. घरी आमटी आटायची आणि मी तिच्यात पुन्हा पुन्हा पाणी घालायचे.

सगळ्यात आधी दोष माझ्या कापडावर आला. पट्टी जड झाली असेल, असे सासूबाई म्हणाल्या. मी जुन्या लुगड्याच्या झिरझिरीत पदराची नवी पट्टी करून दिली. काही फरक पडला नाही. मग दिराने वर चढून खिळ्याला मुशी माशाचे तेल पाजले. एक दोन दिवस मासा भिरभिरला, मग त्या तेलावर मीठ आणि धूळ बसून अगदीच अडकू लागला. तेव्हा तो हातोडी घेऊन चढला आणि खिळा ठोकून आला. त्याने खिळा थोडा वाकला, एवढेच झाले. आमचे हे डोलकाठीच पिळवटली आहे का ते खालून डोळा लावून बघत होते. ती सरळ होती. ज्याच्या त्याच्या हातात जे होते ते करून झाले. माशाच्या तोंडाकडे मात्र कोणी बघितले नाही. तिथे देव होता.

फाल्गुनात एक दिवस मचवा खडकाला घासला. बंदरात शिरताना दोन्ही बाजूंनी पाण्याखाली खडक आहेत, मधून वाट आहे. ती वाट मामंजी झोपेतसुद्धा काढतील असे लोक म्हणत. त्या दिवशी नाव घासली, एक फळी फुटली, पाणी उपसत तिघे किनाऱ्याला आले. कोणाला काही झाले नाही. मी अंगणात तांदूळ निवडत होते. दीर आला तोच बोलत.

"मासो जमनीकडे बघी होतो, बाबा म्हणतत वारो समुद्राकडसून. मगे म्हणतत जमनीकडसून. मगे परत समुद्राकडसून! तवसर खडक इलो."

"गप रव मेल्या," सासूबाई म्हणाल्या. "बापाशी असा बोलतत?"

"मी काय खोटा सांगतंय? दादाक इचार."

दादा, म्हणजे आमचे हे, ओले जाळे पसरू लागले. ते कधीच फार बोलत नसत. मामंजी पायरीवर बसून पायाची वाळू झाडत होते. त्यांची चूक झाली याचे कोणाला काही वाटले नसते, चूक कोणाच्याही हातून होते. पण ते गोंधळले होते. गोंधळलेले मामंजी आम्ही कोणी पाहिले नव्हते.

वाळू झाडून झाल्यावर ते म्हणाले, "माझो कान गेलो. डोळे गेले, आता कानय गेलो. येत्या नारळी पुनवेपासून सुकाणू थोरल्यान धरूचा."

सासूबाई एकदम म्हणाल्या, "आणि तुमी काय करतलास?"

"घोव म्हणान घरात बसतलंय," नवरा म्हणून घरात बसेन म्हणत मामंजी हसले, पण दुसरे कोणी हसले नाही.

ज्येष्ठात मचवा वाळूवर ओढून माडाच्या झापांनी शाकारला. मासा घरी आणायचा मान सासूबाईंचा. त्या वर्षी त्यांचे गुडघे इतके धरले होते की त्यांनी मला पाठवले. दिराने माशाची काठी सोडवून, खिळ्यासकट मासा माझ्या हातात दिला. मी तो पहिल्यांदाच हातात धरत होते. पदर सावरत वाळूतून चालताना काठी डावीकडे कलली, तर माशाचे तोंड हळूच डावीकडे आले. मला वाटले वारा असेल. उजवीकडे कलली, तर तोंड उजवीकडे. मी माडाच्या आडोशाला उभी राहिले. तिथे वारा मुळीच नव्हता. मी काठी पुढे वाकवली. जोर लावून, रखडत, तोंड पुढे आले. मागे वाकवली, मागे आले. काठी सरळ धरली की मासा जिथे असेल तिथेच चिकटून बसायचा, मी फुंकर मारली तरी हलायचा नाही.

माशाचे डोके जड झाले होते. मचवा जिकडे कलेल तिकडे तो तोंड करत होता. त्यात वाऱ्याचा काही संबंध नव्हता.

हे मला कळले, पण सांगायचे कोणाला? मी घरात कोणाशी फारशी बोलत नसे. सासूबाईंपुढे हो आणि नाही, दिरापुढे तेही नाही, आणि मामंजींपुढे तर दाराआडून. मी मासा देवाच्या फळीवर ठेवला आणि चुलीकडे गेले.

पावसात मामंजी पडवीत बसून असत. एकदा दुपारी पाऊस थांबला होता, मी पडवीच्या कडेला दगडांची चूल मांडून भात उकडत होते. मामंजींनी कान पुढे केला, थोडे थांबले आणि म्हणाले, "खाडीकडसून येता वारो. गो चेडवा, धूर खंय जाता बघ."

त्यांना दिसत असते तर मी नुसता हात दाखवला असता. त्यांना दिसत नव्हते, म्हणून बोलावे लागले.

"देवळाकडे जाता," मी म्हटले. देऊळ आमच्या घरापासून खाडीच्या बरोबर उलट बाजूला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. पुन्हा बरोबर. मग ते रोजचेच झाले. ते आधी वारा सांगत, मग मी धूर सांगे. कधी वारा इतका मंद असायचा की धूर सरळ वर जातो की काय असे मला वाटायचे, पण नीट बघितले की तो मामंजींनी सांगितलेल्या बाजूलाच कललेला असायचा. त्यांचा कान गेला नव्हता.

एक दिवस ते म्हणाले, "तू माका बरा वाटूक होया म्हणान सांगतंस मां?"

"नाय मामंजी."

"सांग खरा. मी रागावचंय नाय."

"खरा सांगतंय. धूर थंयच जाता."

 त्यांचा विश्वास बसला नाही हे मला कळले. सून सासऱ्याला चुकलात म्हणून सांगणार नाही, हे त्यांना माहीत होते. त्यांच्या लेखी साक्षीदार एकच, तो मासा, आणि तो त्यांच्या विरुद्ध होता. पुनव आली असती, सुकाणू गेले असते, आणि मामंजी उरलेला जन्म आपला कान गेला असे समजत पडवीत बसले असते.

त्या रविवारी माजघरात कोणी नव्हते तेव्हा मी ह्यांना मासा दाखवला. तोंडाने काही सांगितले नाही. काठी डावीकडे वाकवली, उजवीकडे वाकवली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, स्वतः तसेच केले. बराच वेळ करत राहिले.

मग म्हणाले, "जाळी."

मला कळले नाही.

"वली जाळी जे बाजूक, ते बाजूक मचवो कलता. आणि जे बाजूक जाळी, ते बाजूक मासो बघी होतो. आता माझ्या लक्षात येता." मग त्यांनी माशाच्या तोंडावरच्या शेंदरावर अंगठ्याने टकटक केले. तो नारळाच्या करवंटीएवढा जाड होता. "पण ह्यो काढतलो कोण? आये जीव घेतली."

ते खरे होते. देवाचा शेंदूर खरवडणे म्हणजे भलतेच. आमच्या गावच्या देवळात दगडाच्या देवाचे शेंदराचे कवच एकदा आपसूक सुटून पडले होते, तेव्हा ते वाजतगाजत समुद्रात सोडले होते. आपसूक पडले म्हणून. माणसाने हात लावायचा नाही.

ह्यांनी रात्रीच्या जेवणाला तो विषय काढला. मी वाढत होते. त्यांनी जाळ्याचे सांगितले, माशाच्या डोक्याचे सांगितले. कोणी दाखवले ते सांगितले नाही, तेवढे बरे झाले.

दीर म्हणाला, "म्हणजे हो माझ्याच तापाचो शेंदूर?"

"मगे?" सासूबाई उसळल्या. "जिवंत आसस मां? शेंदरान बुडवल्यान काय तुका?"

"आये, पण डोक्याक जड झालो..."

"देवाक जड म्हणतस? ह्या घरात शेंदराक कोण नख लावचो नाय. आपसूक पडलो तर पडलो."

मामंजी खाली मान घालून जेवत होते. मधेच भाताचा घास हातात धरून ते बराच वेळ थांबले होते, ते मी पाहिले. सासूबाईंनीही पाहिले असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर मासा देवाच्या फळीवर नव्हता. चुलीच्या वर बांबूची तट्टी टांगलेली असते, पावसात सुके बांगडे तिच्यावर ठेवतात म्हणजे त्यांना ओल लागत नाही. तिच्यावर बांगड्यांच्या शेजारी मासा ठेवला होता, तोंड खाली, बरोबर जाळाच्या वर.

मी सासूबाईंकडे बघितले. त्या नारळ खवत होत्या.

"फळीर ओल येता," त्या म्हणाल्या. "लाकूड सादाळता. थंय रवांदे."

मी बरे म्हटले. त्या दिवसापासून त्या चुलीत एखादे लाकूड जास्तच सारायला सांगू लागल्या. आज आमटीला नीट कढ येऊ दे. आज पाणी दोनदा तापव. मी सारत होते.  अधूनमधून शेंदराचे तेल सुटून एखादा थेंब जाळात पडायचा आणि चर्र आवाज यायचा, तेव्हा सासूबाई दुसरीकडे बघायच्या.

आषाढ संपता संपता, दुपारी मी भाकरी थापत असताना वरून काहीतरी तट्टीवरून घसरले आणि चुलीच्या वैलावर आपटले. शेंदराचे अख्खे तोंड. आतून पोकळ, चिताऱ्याने केलेल्या तोंडाचा ठसा आत जसाच्या तसा. सासूबाई गुडघे धरत आल्या. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "आपसूक पडलो गो बाये! आपसूक!"

केळीच्या पानावर ते कवच ठेवून त्या स्वतः समुद्रावर गेल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. मला फक्त आधाराला घेतले.

आता मासा बघितला तर अगदी वेगळा. तोंड टोकदार, डोळे काळे आणि थोडे हसरे. मामंजींनी तो हातात घेतला, वजन बघितले, तोंडावरून बोटे फिरवली.

"अरे, असो होतो हो," ते म्हणाले. "मी इसारलंय होतंय."

खिळा वाकला होता, तो त्यांनी काढायला लावला आणि नवा सरळ बसवून घेतला. मग मला हाक मारली. "चेडवा, काचेचो मणी आसा काय तुझ्याकडे? गुळगुळीत होयो." माझ्याकडे माहेरच्या तुटलेल्या माळेचे मणी डबीत होते. त्यातला एक निळा दिला. त्यांनी तो माशाच्या पोटातल्या भोकात घातला, म्हणजे खिळ्याचे टोक लाकडाला न लागता काचेला लागेल. बोटाने स्पर्श केला तर मासा गर्रकन फिरला.

मग अंगणात सगळे जमले. पाऊस नव्हता, वारा असून नसल्यासारखा होता. मामंजींनी काठी एका हातात सरळ धरली, कान पुढे केला, आणि दुसऱ्या हाताचे बोट एका बाजूला रोखले.

"मासो खंय बघता?"

दीर माशाकडे आणि बोटाकडे आळीपाळीने बघत होता. "तुमच्या बोटाकडे, बाबा."

मामंजींनी काठी चांगली कलती केली. "आता?"

"थंयच."

"दुसरे बाजूक?"

"थंयच, बाबा. हललो नाय."

मामंजींनी हात खाली घेतला.  मग ते आत जाऊन आपली जुनी टोपी शोधू लागले, ती समुद्रावर जाताना घालायची. ती सापडेना म्हणून सासूबाईंवर ओरडू लागले, आणि सासूबाई त्यांच्यावर. घर पूर्वीसारखे झाले.

नारळी पुनवेला सासूबाई शेंदराची वाटी घेऊन माशासमोर उभ्या राहिल्या आणि घुटमळल्या. मामंजी म्हणाले, "डोलकाठीच्या पायाक लाय. थंय कितीय जड झाला तरी मचव्याक बराच." तेव्हापासून शेंदूर डोलकाठीच्या पायाला. माशाच्या शेपटीची लाल पट्टी मात्र मीच शिवत राहिले. सुकाणूवर मामंजी बसले आणि मचवा खडकांच्या मधून निघाला तो लांब जाईपर्यंत मी किनाऱ्यावर होते.

त्यानंतर काही वर्षे गेली. बंदरात इंजिनाच्या एक दोन होड्या आल्या होत्या, त्यांचा आवाज दुपारी घरापर्यंत यायचा. एका संध्याकाळी मामंजी मुलांच्या आधी, एकटेच घरी आले. पडवीत बसले. मी पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी डावा कान हाताने चोळला, जसे कोणी दुखरा गुडघा चोळते.

"आज मासो बरोबर होतो, चेडवा," ते म्हणाले.

म्हणजे त्या दिवशी कान चुकला होता. त्या माशाला आता कोणी खोटे म्हणू शकत नव्हते, मामंजीही नाही. खालच्या मण्यापासून शेपटीपर्यंत तो त्यांनीच नीट करून घेतला होता. मागून हे आले, त्यांनीही तेच सांगितले, हळू आवाजात. खडक नव्हता, घासाघीस नव्हती. मामंजींनी समुद्रातच सुकाणू सोडले आणि म्हणाले, धर. दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी धरले. त्या वेळी गोंधळ नव्हता, कोणी कोणाला बोलले नाही. जेवताना मामंजींनी नेहमीइतकाच भात घेतला.

पुढच्या दुपारी ते पडवीत बसले होते. चूल पेटलेली होती. मी वाट बघितली, पण त्यांनी वारा सांगितला नाही आणि धूरही विचारला नाही. नुसते समोर तोंड करून बसून राहिले. थोड्या वेळाने मीच दाराच्या बाहेर आले.

"मामंजी, धूर माडांकडे जाता."

त्यांनी मान वळवली. माड आमच्या घराच्या मागे, समुद्राच्या उलट बाजूला.

"हूं," ते म्हणाले. "म्हणजे खारो आसा. मगे येतले ते येळार. आमटीत पाणी घालू नको."